बाळाला सिपर कधी द्यावा, कसा द्यावा आणि कधी सोडवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीसाठी बाळाला घेऊन येणाऱ्या आईच्या पिशवीत हल्ली हमखास एक रंगीत सिपर असतो. लस टोचून झाल्यावर बाळ शांत होईपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत ती विचारते, ‘सिस्टर, हे आता द्यायचं का?’ कोल्हापुरात परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न आणि त्याच्या मागोमाग येणारे अनेक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की त्यांची उत्तरे सविस्तर लिहून ठेवावीत असे वाटले.

सिपर आणि दुधाची बाटली यांत नेमका फरक काय?

बाटलीला रबरी किंवा सिलिकॉनचे निपल असते आणि त्यातून बाळ दूध ओढून घेते. सिपर म्हणजे झाकण असलेला छोटा पेला. त्याच्या झाकणाला चोचीसारखी तोटी किंवा स्ट्रॉ असते आणि बहुतेकांना बाळाच्या मुठीत मावतील असे दोन कान असतात. आपल्याकडे कोणी त्याला सिपी कप म्हणते, कोणी सिपर म्हणते, वस्तू तीच. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. ज्या सिपरच्या तोटीखाली दूध सांडू नये म्हणून व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्यातून पिण्यासाठी बाळाला बाटलीसारखेच जोर लावून ओढावे लागते. असा सिपर दिसायला पेला असला, तरी बाळाच्या जिभेच्या आणि ओठांच्या दृष्टीने ती बाटलीच आहे.

कोणत्या महिन्यापासून सुरुवात करावी?

बाळाला सहा महिने पूर्ण होऊन वरचे अन्न सुरू झाले की पेल्याची ओळख करून द्यायला हरकत नाही. आपल्याकडे उष्टावण होते तोच हा सुमार. त्या दिवशी वाटी-चमचा पुढे येतो, तसे चार-आठ दिवसांत एक लहानसे भांडेही बाळासमोर यावे.

तरीही तारखेपेक्षा बाळाकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मान पूर्ण सावरलेली असावी, थोड्या आधाराने बाळ ताठ बसत असावे, हातात आलेली वस्तू तोंडापर्यंत नेत असावे आणि घरातील माणसे पाणी पिताना त्यांच्या पेल्याकडे टक लावून पाहत असावे. ही चिन्हे काही बाळांत सहाव्या महिन्यात दिसतात, तर काहींत आठव्या. शेजारच्या घरातील त्याच वयाचे बाळ दोन्ही हातांनी सिपर धरून पीत असेल, तर त्यावरून आपल्या बाळाविषयी काळजी करत बसू नये. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बहुतेक बाळांचा हात बऱ्यापैकी बसतो, आणि वर्ष ते दीड वर्षाच्या आत बाटली पूर्णपणे सुटावी, अशी बालरोगतज्ज्ञांची साधारण अपेक्षा असते.

उन्हाळ्यात पाच महिन्यांच्या बाळाला सिपरने दोन घोट पाणी दिले तर चालेल का?

चालणार नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या आरोग्य विभागाचीही शिफारस आहे. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हातही बाळाची तहान भागवण्याइतके पाणी आईच्या दुधात असते. आधी पाणी पाजल्याने लहानशा पोटातील दुधाची जागा पाणी घेते, अंगावर ओढणे कमी होते आणि जुलाबांचा धोका वाढतो. बाळाला तहान लागली असे वाटल्यास एकदा जास्त पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

आमच्याकडे आजीने दिलेले चांदीचे बोंडले आहे. ते असताना सिपर कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या घरांची जुनी समजूत दडलेली आहे. हुपरीसारखे चांदीचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बारशाला बोंडले किंवा चांदीची वाटी-चमचा येणे नवलाचे नाही. बोंडले म्हणजे चोच असलेले लहान भांडे. ज्या नवजात बाळांना अंगावर ओढण्याची ताकद नसते, त्यांना रुग्णालयातही आईचे काढलेले दूध अशाच चोचीच्या भांड्याने किंवा वाटी-चमच्याने पाजले जाते. बाटलीविना बाळ वाढू शकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते आणि त्या बरोबर होत्या.

परंतु बोंडले वापरताना एक चूक सर्रास होते. बाळाला मांडीवर आडवे घेतले जाते, गाल दाबून तोंड उघडले जाते आणि चोचीतून धार आत सोडली जाते. अशा वेळी गिळण्याची गती बाळाच्या हाती राहत नाही, आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बोंडल्याने पाजायचेच असेल तर बाळाचे डोके आणि पाठ उंच धरावी, चोच खालच्या ओठाच्या कडेला टेकवावी, थोडे दूध ओठाशी आणून थांबावे आणि बाळाने ते स्वतः घेतल्यावरच पुढचे द्यावे. शिवाय बोंडले मोठ्या माणसाच्या हातात असते. सहा महिन्यांनंतर बाळाला स्वतः धरून पिण्याचा सराव हवा असतो, आणि तो बोंडल्याने मिळत नाही.

मग सिपर घ्यायलाच हवा का? थेट फुलपात्राने शिकवले तर?

माझे स्पष्ट मत आहे, की घरात वेळ आणि थोडी सहनशीलता असेल तर थेट उघड्या पेल्याने शिकवावे. सिपर हा मधला टप्पा आहे, मुक्काम नव्हे. बाळाला अखेर जे शिकायचे आहे ते म्हणजे ओठ भांड्याच्या कडेला टेकवणे, छोटा घोट घेणे, तोंड मिटणे आणि गिळणे. हे कौशल्य उघड्या भांड्यानेच येते. स्वयंपाकघरातील सर्वांत लहान स्टीलचे फुलपात्र किंवा बुटकी वाटी त्यासाठी पुरेशी आहे. कडा गोलसर व गुळगुळीत असावी, एवढे पाहावे.

पद्धत सोपी आहे. बाळाला ताठ बसवावे, भांड्यात दोन-तीन चमचेच पाणी घ्यावे, कडा खालच्या ओठावर टेकवावी आणि पाणी ओठाला लागेल इतकेच भांडे कलते करावे. सुरुवातीला बाळ जिभेने चाटेल, अर्धे पाणी हनुवटीवरून खाली येईल आणि झबले भिजेल. ते भिजू द्यावे. आठ-दहा दिवसांत जीभ आत राहू लागते आणि ओठ कडेवर मिटू लागतात. हा बदल डोळ्यांनी दिसतो आणि तो पाहण्यात आईला जो आनंद होतो, तो मी अनेकदा पाहिला आहे.

प्रवासात, पाळणाघरात किंवा घरी बाळामागे एकच माणूस असताना झाकणाचा सिपर सोयीचा पडतो, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे घरी फुलपात्र आणि बाहेर सिपर, असा मेळ घातला तर दोन्ही गोष्टी साधतात.

दुकानात वीस प्रकार दिसतात. त्यांतून निवड कशी करावी?

महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात गेल्यावर रंग आणि चित्रे पाहून हात पुढे जातो. तो थोडा आवरावा आणि आधी झाकण उघडून आतला भाग पाहावा. जितके सुटे भाग कमी, तितकी स्वच्छता सोपी. व्हॉल्व्ह असेल तर तो काढता येतो का आणि काढल्यावरही सिपर वापरता येतो का, हे विचारून घ्यावे, कारण शिकवण्याच्या काळात व्हॉल्व्ह काढून ठेवणेच चांगले. तोटी मऊ सिलिकॉनची असावी, दोन कान असावेत आणि आकार लहान असावा. अर्धा लिटर मावणारा सिपर बाळाच्या मनगटाला पेलत नाही.

प्लास्टिकचा घेणार असाल तर तो बीपीए-मुक्त असल्याचे वेष्टनावर पाहावे. बीपीए म्हणजेच बिस्फेनॉल-ए हे रसायन पूर्वी कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलीकार्बोनेट प्लास्टिकमध्ये असे. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली, आणि अमेरिकेत २०१२ मध्ये बाटल्या व सिपर या दोहोंसाठी पॉलीकार्बोनेटची परवानगी मागे घेण्यात आली. थोरल्या भावंडाचा जुना, चरे पडलेला सिपर म्हणूनच धाकट्यासाठी काढू नये. स्टीलचा सिपर टिकाऊ असतो, पण त्यात किती शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि गरम पदार्थ भरल्यास भांडेही तापते.

आणखी एक माहिती इथे द्यावीशी वाटते. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, कारण बाटलीमुळे स्तनपान मागे पडते. त्यामुळे एखाद्या वस्तूमुळे बाळ अधिक हुशार किंवा सुदृढ होते, असे कोणी विक्रेता सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पहिल्या दिवशी नेमके काय करावे?

बाळाची झोप झालेली असावी आणि पोट ना फार भुकेले ना तुडुंब असे असावे. सकाळचे खाणे झाल्यानंतरची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. पहिले दोन दिवस रिकामाच सिपर हातात द्यावा. बाळ तो आपटेल, तोंडात घालेल, उलटा धरेल; ही ओळख आवश्यक असते. तिसऱ्या दिवशी त्यात उकळून गार केलेले दोन-तीन चमचे पाणी घालावे, व्हॉल्व्ह काढून टाकावा आणि तोटी ओठांना लावून भांडे किंचित कलते करावे. एक-दोन थेंब जिभेवर पडले की बाळ दचकते, थांबते आणि विचारात पडल्यासारखे पाहते. तिथेच आपणही थांबावे. त्याच वेळी आईने किंवा बाबांनी स्वतःच्या पेल्यातून सावकाश घोट घेऊन दाखवला तर निम्मे काम होते, कारण या वयात बाळ सांगून शिकत नाही, पाहून शिकते.

दिवसातून एकदा, पाच मिनिटे, एवढा सराव पुरे. बाळाने मान फिरवली की भांडे बाजूला ठेवावे.

बाळ सिपर फेकून देते किंवा नुसती तोटी चावत बसते. काय करावे?

दात येत असताना तोटी चावणे स्वाभाविक आहे. फेकणे हाही त्या वयाचा खेळच आहे. रागावल्याने तो थांबत नाही, उलट रंगतो. एक-दोन वेळा उचलून द्यावा, आणि पुन्हा फेकल्यास शांतपणे ठेवून द्यावा.

सलग आठवडाभर बाळ तोंडच लावत नसेल, तर काही गोष्टी बदलून पाहाव्यात. पाण्याऐवजी आईचे काढलेले दूध भरावे, म्हणजे चव ओळखीची होते. तोटी त्या दुधात बुडवून द्यावी. भांडे कोमट असू द्यावे. आईच्या अंगाला दुधाचा वास असल्याने बाळ तिच्याकडून पेला नाकारते, पण तेच आजोबांच्या मांडीवर बसून आनंदाने पिते, असे अनेक घरांत दिसते. तोटी आवडतच नसेल तर नवव्या महिन्याच्या सुमारास स्ट्रॉ देऊन पाहावी. स्ट्रॉचे टोक पाण्यात बुडवून वरचे टोक बोटाने बंद करावे, त्यात अडकलेले पाणी बाळाच्या ओठांत सोडावे. असे चार-पाच वेळा केल्यावर बाळाला ओढण्याची युक्ती कळते.

तोटीला मध लावण्याचा सल्ला घरातील वडीलधारी माणसे प्रेमाने देतात, परंतु तो मानू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि त्यातून स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. हा मुद्दा सासूबाईंना कसा सांगावा, असे सुना मला विचारतात. मी म्हणते, डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या. त्याने कोणाचा मान दुखावत नाही.

पिताना ठसका लागतो. हे धोक्याचे आहे का?

शिकताना अधूनमधून हलका ठसका लागणे सामान्य आहे. खोकला म्हणजे शरीराने स्वतःहून वाट मोकळी करणे. अशा वेळी पाठीवर धपाटे न मारता बाळाला पुढे झुकवून बसवावे आणि खोकू द्यावे. मात्र प्रत्येक वेळी ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल, पिताना श्वास घरघरत असेल किंवा चेहरा निळसर पडत असेल, तर सराव थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आडवे झोपलेल्या बाळाच्या तोंडात सिपर देऊन आपण बाजूला होऊ नये, हा नियम कधीही मोडू नये.

सिपरमध्ये काय भरावे आणि किती?

सहा महिने ते एक वर्ष या काळात पाणी आणि आईचे काढलेले दूध, एवढेच. पाणी दिवसभरात मिळून १२० ते २४० मिलीलिटर पुरते, आणि तेही जेवणासोबत घोटघोटाने. या वयात बाळाचे मुख्य दूध आईचेच असते; गाई-म्हशीचे दूध पिण्यासाठी म्हणून एक वर्षानंतर द्यावे. एक वर्षानंतरही दिवसाला अर्धा लिटर ही त्याची वरची मर्यादा धरावी. आपला जिल्हा दुधाचा, आणि ‘दूध पितोय ना, मग झालं’ ही समजूत येथे खोलवर रुजलेली आहे. पण दिवसभर सिपरने दूध पीत राहणारे मूल भाकरी-वरणाला तोंड लावत नाही. दुधात लोह अत्यल्प असते आणि अशी मुले दिसायला गुटगुटीत असूनही रक्ताने कमी भरतात. अशी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आयांना ते खरे वाटत नाही, हेही पाहिले आहे.

वरणाचे नुसते पाणी, भाताची पेज किंवा नाचणीची पातळ केलेली खीर सिपरमध्ये भरून पाजण्याची पद्धत वाढत आहे. ती टाळावी. अन्न पातळ केले की पोट भरते पण ताकद मिळत नाही, आणि बाळ चावायला शिकत नाही. वरण घोटून, घट्टसर करून, वर तूप घालून चमच्यानेच भरवावे.

फळांचा रस एक वर्षाच्या आत देऊच नये. रस्त्याकडेच्या चरकावरील उसाचा रस तर लहान बाळाला मुळीच नको, कारण त्यातील साखर हा एक प्रश्न आणि बर्फ व हाताळणी हा दुसरा. चहाही नको. सकाळी घरातील सगळे चहा घेताना बाळाच्या भांड्यात चार चमचे चहा घालण्याची हौस अनेक घरांत असते. चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही, आणि एकदा लागलेली गोडी सुटता सुटत नाही.

गंगावेशीतील धारोष्ण दूध वर्षाच्या मुलाला दिले तर काय बिघडते?

म्हशीची धार काढून ताजे, फेसाळ दूध तिथेच उभे राहून पिणे ही कोल्हापूरची ओळख आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. परंतु लहान मुलाला न उकळलेले दूध देऊ नये. जनावर वरून निरोगी दिसत असले तरी त्याच्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार माणसाला होऊ शकतात, आणि धार काढताना हात, भांडे व कास यांवरील जंतूही दुधात उतरतात. तेच दूध घरी आणून, चांगले उकळून, कोमट करून फुलपात्रात दिले तर ते उत्तमच. पिशवीतील दूध पाश्चरीकरण केलेले असते, तरी ते उकळण्याची आपल्याकडची पद्धत सोडण्याचे कारण नाही.

मला कामावर रुजू व्हायचे आहे. बाळाला बाटली लावावी की सिपर?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते. मात्र त्यातील काही आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले असतील, तर रुजू होताना बाळ जेमतेम चार-पाच महिन्यांचे असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक आयांची हीच अडचण असते, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जाणाऱ्यांना तर अशी रजाही सहसा मिळत नाही.

अशा वेळी आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा लहान पेल्याने पाजणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि बाळ सहा महिन्यांचे नसले तरी तो जमतो. काढलेले दूध २५ अंश तापमानाला साधारण चार तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस टिकते. आपल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान याहून बरेच वर असते, त्यामुळे त्या दिवसांत दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवणेच योग्य. पाजण्यापूर्वी भांडे गरम पाण्यात धरून कोमट करावे. गॅसवर उकळू नये. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्याच हातून दिवसातून एकदा असे पाजण्याचा सराव करावा. पहिल्याच दिवशी नवे भांडे, नवा हात आणि आई समोर नाही, अशा तिन्ही गोष्टी एकदम आल्या तर बाळ हटून बसते.

बाटलीची सवय कशी मोडावी? विशेषतः रात्रीची?

दिवसातील सर्वांत कमी प्रिय बाटली, बहुधा दुपारची, आधी काढावी आणि तिच्या जागी पेला द्यावा. पाच-सहा दिवस तसे गेले की सकाळची काढावी. झोपतानाची बाटली सर्वांत शेवटी काढावी, कारण तिच्यात भुकेपेक्षा धीराचा भाग जास्त असतो. त्या धीराची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. दूध झोपण्याच्या अर्धा तास आधी पेल्याने द्यावे, दात पुसावेत, मग थोपटावे, अंगाई म्हणावी. तीन-चार रात्री रडारड होईल. घरातील सर्वांचे आधी एकमत करून घ्यावे. रात्री दोन वाजता कोणाचे मन द्रवून बाटली हातात गेली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सिपरमुळे दात किडतात का?

सिपरने किडत नाहीत. त्यातील गोड पदार्थ दिवसभर तोंडात राहिल्याने किडतात. दूध किंवा रस भरलेला सिपर हातात घेऊन घरभर फिरणारे मूल दर पाच मिनिटांनी एक घोट घेते. प्रत्येक घोटानंतर तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि लाळेला ते धुऊन काढायला उसंतच मिळत नाही. वरच्या पुढच्या दातांवर पांढुरक्या, मग तपकिरी पट्ट्या दिसू लागतात. म्हणून दूध फक्त खाण्याच्या वेळी, बसून प्यावे. मधल्या वेळी हातात द्यायचा असेल तर सिपरमध्ये साधे पाणीच असावे.

बसून पिण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत १९९१ ते २०१० या वीस वर्षांत बाटल्या, चोखण्या आणि सिपर यांमुळे झालेल्या इजांसाठी तीन वर्षांखालील ४५,००० हून अधिक मुलांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणावे लागले, असा अंदाज काढण्यात आला. त्यांतील बहुतेक इजा वस्तू तोंडात असताना पडल्याने झाल्या होत्या. नुकते चालू लागलेले मूल तोंडात तोटी घेऊन धावत असेल, तर ते पडल्यावर ती तोटी टाळूला किंवा ओठाला लागते.

सिपरमुळे बोलणे उशिरा येते, हे खरे आहे का?

थोड्या वापराने तसे होत नाही. मात्र कडक, लांब तोटी दिवसभर तोंडात असेल तर जिभेचे टोक खाली दाबलेले राहते, आणि जीभ वर उचलून गिळण्याचा सराव कमी होतो. याच कारणासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ उघडा पेला किंवा स्ट्रॉ सुचवतात.

स्वच्छता कशी राखावी? पावसाळ्यात सिपरला वास येतो.

वास येतो तो व्हॉल्व्हखाली आणि तोटीच्या वळणात साचलेल्या दुधाचा. प्रत्येक वापरानंतर सगळे भाग सुटे करून, लहान ब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. लहान बाळासाठी रोज एकदा पाच मिनिटे उकळावेत. प्लास्टिक उकळण्याजोगे आहे का, ते वेष्टनावर पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऊन दिसत नाही आणि ओले भाग जोडून ठेवल्यास आत काळी बुरशी धरते. ते स्वच्छ फडक्यावर सुटेच वाळू द्यावेत. काळे ठिपके पडलेला व्हॉल्व्ह घासत न बसता टाकून द्यावा.

पंचगंगेच्या महापुरात, २०१९ आणि २०२१ मध्ये, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता आणि अनेक कुटुंबे टँकरच्या पाण्यावर होती. अशा दिवसांत सिपर आणि बाटली दोन्ही कपाटात ठेवावीत. त्यांच्या खाचाखोचा धुवायला पुरेसे पाणी आणि इंधन नसते. वाटी, चमचा आणि फुलपात्र थोड्या उकळत्या पाण्यातही स्वच्छ होतात. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. जुलाब लागल्यास ओआरएसची पुडी लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवून, दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलीलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. आईचे दूध चालूच ठेवावे. मूल सुस्त झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा काहीच पोटात राहत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ज्योतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला जाताना काय बरोबर घ्यावे?

घरून उकळून गार केलेले पाणी एका बाटलीत आणि रिकामा सिपर वेगळा. एसटीत गाडी हिसका देते तेव्हा तोटी तोंडात नसावी. गाडी थांबल्यावर पाजावे. दूध भरून नेऊ नये, कारण उन्हात दोन तासांत ते नासते.

आमचे बाळ कमी दिवसांचे आहे. त्याला हेच महिने लागू होतात का?

नाही. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर वयातून ते दोन महिने वजा करून मोजावे. टाळू दुभंगलेले किंवा स्नायूंची ताकद कमी असलेले बाळ असेल, तर भांडे कोणते आणि कधी द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. दीड वर्ष उलटूनही मूल कोणत्याही पेल्यातून पीत नसेल, तर तेही एकदा दाखवून घ्यावे.

सिपर बंद कधी करावा?

दोन वर्षांच्या आत. पहिल्या वाढदिवसापासून घरी जेवताना उघडे फुलपात्रच ठेवावे आणि सिपर फक्त बाहेर जाताना काढावा, म्हणजे वेगळे काही करावेच लागत नाही. मूल पंगतीत इतरांसारखे भांडे मागू लागले की त्याला ते द्यावे, अर्धे भरून, आणि सांडल्यावर पुसायला फडकेही त्याच्याच हातात द्यावे.